आमचं नसलेलं वाक्य

"न्यायचा नाही म्हणले ना, ज्ञानेश! ठेव तो खाली."

"आई, बॅटरी फुगलीय त्याची. फुगलीय! एक दिवस उशाशी फुटेल, मग कळेल तुला."

"तुझ्या बापाचं पोट बी फुगलंय. त्याला देतोस का एक्सचेंजमध्ये?"

स्वयंपाकघरात कणीक मळता मळता मला हसू आवरेना. लग्न होऊन तीन महिने झालेत. माझ्या सासूबाई, म्हणजे कुसुमताई, भांडायला लागल्या की समोरच्याला श्वास घ्यायला जागा ठेवत नाहीत, एवढं मला कळलंय. आजचं भांडण त्यांच्या फोनवरून होतं. वीस वर्षांपूर्वीचा, मुठीत मावणारा, मागचं झाकण रबराने बांधलेला. पाच ह्या आकड्याच्या बटणावर हळदीचा जुना डाग. ज्ञानेशने त्यांच्यासाठी नवा मोठा फोन पसंत केला होता आणि हा देऊन तो घ्यायला निघाला होता.

"नंबर सगळे येतील नव्या फोनात," तो म्हणाला.

"आणि तो मेसेज?"

"तो नाही येणार. मी टाइप करून ठेवीन ना, सेम टु सेम."

"तुझ्या हातचा नको मला."

मी पिठाच्या हातांनीच बाहेर आले. "कुठला मेसेज, आई?"

त्यांनी ज्ञानेशच्या हातातून फोन घेऊन माझ्यापुढे धरला. हिरवट पडदा, चार ओळी, काळी अक्षरं. इंग्रजीत होतं: सॉरी, आय कान्ट हेल्प यू ऑन धिस.

"बाबांचा?" मला हसूच आलं. "बाबा इंग्रजीत भांडायचे?"

"भांडायला शब्द कुठं होते त्यांच्याकडं! बस. सांगते."

बाबा, म्हणजे ज्योतीराम, औशाकडून येऊन चाकणच्या एका प्रेसशॉपला, पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, लागले होते. तिथे दिवसभर धाडधाड, त्यात कानांचं मातेरं झालं. फोनवर बोललेलं ऐकू येईना. मेसेज लिहावा तर फोनला मराठी येत नव्हतं आणि यांना इंग्रजी. एकशे साठ अक्षरांची मुभा होती, पण लिहिणार काय? मग एका सुपरवायझरने दाखवलं की फोनमध्ये दहा वाक्यं आधीच लिहून ठेवलेली असतात. ऑफिसातल्या साहेबलोकांसाठी. नुसतं निवडायचं आणि पाठवायचं.

"मग आमी दोघांनी बसून वाटणी केली," कुसुमताई म्हणाल्या. "मीटिंग इज कॅन्सल्ड आलं, की ओव्हरटाइम नाही, भाकरी टाक. आय ॲम इन अ मीटिंग, तर ओव्हरटाइम हाय, जेवून घे."

"आणि प्लीज कॉल?" ज्ञानेशने विचारलं. तो अजून दारात, पिशवी हातात.

"येताना भाजी आणतो."

"काय!"

"मग? मला वाचता कुठं येत होतं? वाक्याची लांबी बघून ओळखायची मी. हे सॉरीवालं सगळ्यात लांब. हे म्हणले, याचं आपल्याला काय काम? ऱ्हाऊ दे तसंच. त्याला अर्थच दिला नाही आमी."

पुढे एका दुपारी ते लांब वाक्य आलं.

"मी बघतच बसले. लांबी बघितली, परत बघितली. ह्यांना फोन लावला, लागेना. कंपनीच्या आत पत्र्याखाली कॉल लागायचाच नाही, मेसेज कसाबसा सरकायचा. शेजारच्या बाईंनी वाचून अर्थ सांगितला आणि म्हणाल्या, अगं, चुकून दाबलं असेल. पण माझं मन घेईना. ज्ञानेश, तुला त्यांच्याकडं ठेवलं आणि भोसरीतून टमटम धरली."

गेटवर बबनराव नावाचे वॉचमन होते, चाकणचेच. कुसुमताईंनी दोघांचे आवाज काढून सांगितलं.

"ताई, आत समदे ठीक हायेत. कुनाला काय झाल्यालं न्हाई."

"मग माझा नवरा, मदत करू शकत नाही, असं का कळवतोय?"

"कुठला नवरा करतो, ताई? माझ्या बायकूला इचारा!"

"भाऊ, हसू नका. हे वाक्य आमचं नाही."

बबनरावांना काय कळलं ते त्यांनाच ठाऊक, पण गेट दुसऱ्याकडे सोपवून ते स्वतः आत गेले. ज्योतीराम मशीनवर नव्हते. मागच्या खोलीत, जिथे प्रेसचे जड साचे ठेवायचे, तिथला रॅक सरकून त्यांचा उजवा हात मनगटापासून खाली अडकला होता. दीड तास ओरडत होते. त्या आवाजात ऐकणार कोण?

"डॉक्टर म्हणले, आणखी तासभर गेला असता तर हात काढावा लागला असता. दोन बोटं वाकत नाहीत, एवढ्यावर भागलं."

ज्ञानेश हळूच खुर्चीवर टेकला. "मला वाटायचं, कंपनीतून फोन आला होता तुला."

"कंपनीला तरी कुठं ठाऊक होतं?" त्यांनी पदराने पडदा पुसून फोन टेबलावर ठेवला. "पंधरा मेसेज भरले की फोन ओरडायचा, जागा नाही, जागा नाही. बाकी सगळे पुसले मी, हा एक ठेवला. खंडेनवमीला ह्यांच्या पान्यांच्या शेजारी ह्यालाबी हळदकुंकू लावते. बबनरावांना दिवाळीचा फराळ जातो तसा हे लिहिणाऱ्या माणसाला कुठं पाठवू? कुठल्या तरी देशात बसून कुणीतरी हे वाक्य लिहून ठेवलं आसंल. त्याच्या लेकराबाळांचं भलं होवो, एवढंच म्हणते रोज."

ज्ञानेशने पिशवीची घडी घातली. आणखी एक घातली. "पण बॅटरी खरंच फुगलीय गं," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला.

तेवढ्यात बाबा कोथिंबिरीची जुडी घेऊन आले. आमची तोंडं बघितली, टेबलावरचा फोन बघितला. काय चाललंय ते त्यांना सांगावं लागलं नाही.

"आज सुनेसमोर तरी सांगा," कुसुमताई त्यांच्या कानाशी जाऊन ओरडल्या. "भाजीवालं दाबलं असतं तर मी भाजीची वाट बघत बसले असते. ते लांब वाक्य चुकून दाबलंत, का मुद्दाम?"

बाबांनी कोथिंबीर माझ्या हातात दिली. फोन उचलला. न वाकणारी दोन बोटं ताठ ठेवून रबर काढलं, फुगलेली बॅटरी डोळ्यांजवळ नेऊन तिच्यावरचा नंबर वाचला. परत रबर चढवलं आणि फोन शर्टाच्या खिशात टाकला.

"अहो, मी काय विचारलं? आणि कुठं निघालात? कासारवाडीला, नवी बॅटरी आणायला का?"

त्यांनी चपला पायात सरकवल्या, खिशावर एकदा हात ठेवला आणि ते जिना उतरू लागले.