अकरा सेकंदांनी राहिलेलं गाणं

काउंटरवर नोकरी केलेल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत, आवरावे लागतात. कोथरूडला आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर संध्याकाळी कुणी बँकेतलं सांगतं, कुणी कॉलेजातलं. माझी पाळी आली की मंडळी म्हणतात, "दामले, तुमचं ते कॅसेटचं काढा." एक काढायला जावं तर मागून चार निघतात. मग घरून जेवायची बोलावणी येतात, तरी कुणी उठत नाही.

बुधवार पेठेत रेडिओ-टेपरेकॉर्डरच्या दुकानांच्या रांगेत, पहिल्या मजल्यावर लतीफभाईंचं रेकॉर्डिंग सेंटर होतं. काळ ऐंशीच्या दशकातला. गिऱ्हाइकानं आवडत्या गाण्यांची लिस्ट आणायची आणि आम्ही ती गाणी आमच्या रेकॉर्डवरून कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायची, असा धंदा. कायद्यानं हे चालतं का, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका!

आम्ही चौघं होतो. लतीफभाई मालक, त्यांच्या आजोबांपासून घराणं याच पेठेत ग्रामोफोन दुरुस्त करत आलेलं. काचेच्या खोलीत लाल दिवा लावून गाणी भरणारे रेकॉर्डिस्ट म्हणजे अभ्यंकर. कॅसेटच्या कार्डावर गाण्यांची नावं लिहिणाऱ्या पेंडसेबाई, अक्षर छापल्यासारखं. आणि काउंटरवर मी.

अभ्यंकर चाळिशीचे, अविवाहित. पेंडसेबाई छत्तिशीच्या, नारायण पेठेत आईबरोबर राहायच्या. अभ्यंकरांच्या मनात पेंडसेबाई आहेत हे दुकानात तिघांना माहीत होतं: लतीफभाईंना, मला आणि पेंडसेबाईंना. अभ्यंकरांना माहीत होतं की नाही, ते सांगता येत नाही.

*

अभ्यंकर गाण्याला नावानं ओळखत नसत, लांबीनं ओळखत. काचेच्या खोलीतून आवाज यायचा, "तीन-बारा झालं, आता दोन-अठ्ठावन्न." बाहेर पेंडसेबाई कार्डावर नावं लिहून मोकळ्या! गायक कोण, संगीत कुणाचं, याच्याशी अभ्यंकरांना देणंघेणं नव्हतं. साइड पंचेचाळीस मिनिटांची असेल तर ती पंचेचाळीस मिनिटं भरली पाहिजे, बस.

मी नवा असताना विचारलं, "अहो, पण एकाच लांबीची दोन गाणी असली तर?"

"असतात की. सतरा-सतरा असतात."

"मग कुठलं ते कसं कळतं?"

"पेंडसेबाईंना कळतं," असं म्हणून ते चष्मा पुसायला लागले.

शेवटी कोरी टेप राहिली की त्यांना अपमान वाटे. चाळीस सेकंद उरले तरी बासरीचा तुकडा चिकटवायचे. एकदा एका कॉलेजकुमारानं लाजत लाजत सांगितलं, "शेवटी थोडी जागा मोकळी ठेवाल का? मला माझ्या आवाजात दोन शब्द बोलायचेत."

अभ्यंकर म्हणाले, "मोकळी हवी तर कोरी कॅसेट घ्या. खाली मिळते."

*

रोज रोज लिस्टा भरून कंटाळा आला, तेव्हा लतीफभाईंनी तयार सेट काढायचं ठरवलं. 'चार दशकांची प्रेमगीतं', नव्वद मिनिटांच्या दोन कॅसेट, एका दशकाला एक साइड. निवड आम्ही चौघांनी करायची.

पन्नासच्या दशकाला लतीफभाईंनी कुणाला हातच लावू दिला नाही. "माझं लग्न तेव्हा झालं," ते म्हणाले. "त्यानंतर नुसती गाणी झाली, प्रेम नाही!" साठ आणि ऐंशी मी जुळवलं. सत्तरच्या साइडला पेंडसेबाईंनी एकच गाणं मागितलं. चार मिनिटं सतरा सेकंदांचं. त्या कधी काही मागत नसत, त्यामुळे लतीफभाईंनी आणि मी लगेच माना डोलावल्या.

अभ्यंकरांनी कागदावर बेरीज केली. जागा उरली होती चार मिनिटं सहा सेकंद.

"बसत नाही," ते म्हणाले.

"अहो, अकरा सेकंदांचा प्रश्न आहे," लतीफभाई म्हणाले. "दुसरं एखादं काढा."

"बाकीची गाणी लोकांनी मागितलेली आहेत. हे एकट्या बाईंनी मागितलंय. नियम म्हणजे नियम."

त्या जागी तीन-एक्कावन्नचं एक गाणं आलं आणि वर पंधरा सेकंदांची बासरी. चारशे सेटची कार्डं पेंडसेबाईंनी त्याच छापील अक्षरात लिहिली. फक्त आठवडाभर अभ्यंकरांच्या चहात साखर नव्हती. तो चहा त्या करत असत.

*

सेट धडाधड खपला आणि त्याबरोबर तक्रारी आल्या. पुण्यात वस्तू खपली आणि तक्रार आली नाही असं होत नाही.

एक निवृत्त हेडमास्तर कॅसेट घेऊन आले. "पहिल्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं प्रेमगीत नाही," असं त्यांनी उभ्या उभ्या जाहीर केलं. "मी तीनदा ऐकलं. त्यात दोघं शेवटपर्यंत भेटत नाहीत. याला प्रेमगीत म्हणून आपण लोकांची दिशाभूल करत आहात."

लतीफभाईंनी त्यांना खुर्ची दिली. "सर, आपलं लग्न होऊन किती वर्षं झाली?"

"एकतीस."

"भेटलेल्या माणसांची गाणी आपण कधी ऐकलीत?"

हेडमास्तर कॅसेट पिशवीत घालून म्हणाले, "निदान कार्डावर तशी तळटीप तरी द्या!"

*

एक तरुण सेट परत करायला आला. डोळे लाल झालेले. "जिच्यासाठी घेतला होता तिचं लग्न ठरलं. दुसऱ्याशी."

मला वाईट वाटलं. लतीफभाईंनाही वाटलं असावं, कारण त्यांनी कॅसेट मशीनवर लावून दोन मिनिटं मन लावून ऐकली. मग त्याच्या हातात परत दिली.

"माफ करा, पण दोष कॅसेटमध्ये नाही."

*

या किश्शात पेंडसेबाई आहेत. एक मुलगी तरातरा जिना चढून वर आली आणि पर्समधून कॅसेट काढून माझ्यासमोर आपटल्या. त्या तिला दोन मुलांनी दिल्या होत्या, एकाच आठवड्यात. दोघांनीही शपथेवर सांगितलं होतं की कार्ड स्वतःच्या हातानं लिहिलंय! आणि अक्षर तर एकच.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं," पेंडसेबाई शांतपणे म्हणाल्या.

मुलगी वरमली. खुर्चीत बसली. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही दोघांना बघितलंय ना? मग तुम्हीच सांगा, बरा कोण?"

पेंडसेबाईंनी दोन्ही कार्डं उलटून पाहिली. "हा मुलगा स्वतः लिस्ट करून घेऊन आला होता. चार वेळा खोडून पुन्हा लिहिली होती, मी बघत होते. दुसऱ्यानं आमचा तयार सेट उचलला. आता काय ते तू ठरव."

"ते ठीक आहे हो," मुलगी कुरकुरली, "पण तयार सेटची गाणी जास्त चांगली आहेत!"

काचेच्या खोलीतून अभ्यंकर हसलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

*

दिवाळीनंतर पेंडसेबाईंची आई गेली. भाऊ नागपूरला असे. त्यानं तिथल्या शाळेच्या ऑफिसात त्यांच्यासाठी जागा बघितली आणि बोलावून घेतलं. एका दुपारी चहाच्या वेळी बाईंनी सांगितलं, "एक तारखेला हजर व्हायचंय. तिकीट आलंय."

लतीफभाईंनी अभ्यंकरांकडे बघितलं. मीही बघितलं. पेंडसेबाईंनी कपात बघितलं.

"नागपूरला उन्हाळा फार," अभ्यंकर म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी लाल दिवा लावला.

त्यांच्यामागून लतीफभाई गेले. "अभ्यंकर, अख्ख्या पुण्याच्या मनातलं तुम्ही भरून दिलंत. स्वतःचं कधी भरणार?"

"दिवा लाल आहे, लतीफभाई. आवाज टेपवर येतो."

असे दिवस चालले होते. मला आता हसू येतं, पण तेव्हा अभ्यंकरांचा मनापासून राग यायचा.

*

त्याच महिन्यात हडपसरचा एक गडी आला. कारखान्यात नोकरी, डोक्याला टोपी, काखेत टेपरेकॉर्डर.

"बायकू म्हायेरी जाऊन बसलीया," तो म्हणाला. "कंची बी कॅसेट द्या, पन ऐकली की माघारी यील, अशी द्या."

"तिकडे टेप आहे का?"

"न्हाई ना. म्हनून तर ह्यो घिऊन चाललोय."

मी त्याला सेट दिला. पंधरा दिवसांनी तो परत आला, तोंड पाडून. "टेप सासऱ्यानं ठिवून घेतला. म्हनला, लई ग्वाड हाय, ऱ्हाऊ दे."

"आणि बायको?"

"न्हाई आली."

आम्ही हळहळलो. पण पुढच्याच आठवड्यात स्वारी पेढे घेऊन हजर! बायको आली होती. आपली आपण बॅग भरून, न बोलावता.

"गाणी आवडली म्हणायची," मी म्हणालो.

"कशाची आवडत्यात! म्हातारा सकाळधरनं रातीपर्यंत तीच दोन लावतोय. कान किटलं म्हनून आली!"

लतीफभाईंनी त्याला मुद्दाम मोठ्या आवाजात शाबासकी दिली. "बघा, माणूस टेप उचलून सासुरवाडीला गेला! घरात बसून राहिला नाही!" काचेच्या खोलीचं दार आतून लागलं.

*

शेवटचा दिवस आला. गाडी संध्याकाळची होती. पेंडसेबाई दुपारी निरोप घ्यायला आल्या, हातात एक सुटकेस. लतीफभाईंनी त्यांना सेट भेट दिला आणि वर म्हणाले, "कार्ड तुम्हीच लिहिलंय, त्यामुळे नवीन काही नाही."

बाई हसल्या.

लाल दिवा विझला. अभ्यंकर बाहेर आले आणि त्यांनी एक कॅसेट बाईंसमोर ठेवली. साठ मिनिटांची, म्हणजे अर्ध्या तासाची साइड. कार्ड त्यांनी स्वतः लिहिलं होतं. अक्षर असं की औषधाच्या दुकानातसुद्धा वाचता आलं नसतं. पण वाचायला फारसं नव्हतंच. गाण्यांची नावं नव्हती, नुसते आकडे होते:

चार-सतरा. तीन-बारा. चार-पाच. दोन-अठ्ठावन्न. तीन-चाळीस. तीन-पंचवीस. दोन-अठ्ठेचाळीस. तीन-पंधरा.

पहिल्या आकड्यावर पेंडसेबाई थांबल्या. मग एकेका आकड्यावर बोट ठेवत सावकाश खाली गेल्या. मधेच एकदा त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा वाचायला लागल्या. लतीफभाई माझ्या कानाशी म्हणाले, "काय लिहिलंय रे?" मी म्हणालो, "मला काय कळतंय!"

बाई शेवटच्या आकड्यापर्यंत आल्या आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"अभ्यंकर, बेरीज चुकली तुमची. ही सत्तावीस-चाळीसच होते. दोन मिनिटं वीस सेकंद कोरी राहिलीत."

"चुकली नाही," अभ्यंकर म्हणाले. "ठेवलीत."

नऊ वर्षांत त्या माणसानं दोन सेकंदांची टेप कोरी सोडलेली मी बघितली नव्हती.

पेंडसेबाई उभ्या होत्या, त्या आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या. ड्रॉवर उघडून पेन काढलं. कार्डावर, अभ्यंकरांच्या त्या किरट्या आकड्यांच्या खाली, छापल्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिलं: दोन-वीस. आणि कार्ड अभ्यंकरांकडे सरकवलं.

अभ्यंकरांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाचलं. मग कॅसेट उचलून आत गेले आणि लाल दिवा लागला.

लतीफभाईंनी रेकॉर्डचं रजिस्टर ओढलं आणि भराभर पानं उलटत दोन-वीसचं गाणं शोधायला लागले. पेंडसेबाईंनी पेनाला टोपण लावलं, सुटकेस पायानं टेबलाखाली सरकवली आणि मला विचारलं,

"दामले, स्टेशनवर तिकीट परत करायची खिडकी किती वाजता बंद होते हो?"