फणसावरचा नेचा

सुभद्रेचं कुंकू बारा वर्षं एका नेच्याच्या भरवशावर होतं. नेचा म्हणजे काय, तर ज्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. तोंडवलीच्या परड्यांत असल्या झाडाला कोण विचारतो? तिथे माड नारळ देतो, पोफळ सुपारी देते, अबोलीसुद्धा देवापुरती फुलते आणि मगच तिला पाणी मिळतं.

हा नेचा तिच्या नवऱ्याने, गुरुदासने, आणला. तो मालवाहू बोटीवर खलाशी होता. बावन्न साली सुट्टीवर आला तेव्हा लोकांना वाटलं, पोर लांबच्या बेटावरून आलंय, घड्याळ नाहीतर साडी तरी आणली असेल. याच्या ट्रंकेतून निघालं ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं झाड. मॉरिशसच्या कुठल्याशा बंगल्यातल्या माळ्याने दिलेलं. खाली ताटलीएवढं गोल पान, खोडाला घट्ट चिकटणारं, आणि त्यातून फुटलेली लांब, फाटे फुटलेली पानं, हरणाच्या शिंगांसारखी.

"मातीत पुरू नको, कुसात," गुरुदासने बायकोला बजावलं. "मागल्या दारच्या फणसाक बांध. उन्ह नको, खारो वारो तर नकोच नको. मिठान मरता ह्या."

सुभद्रेने नारळाच्या सोडणांची, म्हणजे वरच्या सालींची, बैठक केली, वर नेचा ठेवला आणि सुंभाने फणसाला बांधला. गुरुदास बोटीवर गेला. वर्षभराने त्याच बोटीवरचा आचऱ्याचा बाबली घरी येऊन ओसरीवर मान खाली घालून बसला. एका बंदरात गुरुदास उतरला होता, बोट सुटेपर्यंत परत आला नव्हता. मेला म्हणावं तर कुणी पाहिलं नाही, जिवंत म्हणावं तर पत्ता नाही.

सासरे दाजी त्या दिवशी मागल्या दारी गेले आणि नेच्यापुढे किती तरी वेळ उभे राहिले. मग घरात येऊन म्हणाले, "ह्या झाड जिता आसा तवसर माझो झील जितो आसा. ह्या घरात कोणी रडाचा नाय."

झालं. त्या दिवसापासून सुभद्रा कपाळावर कुंकू लावून नेच्याची चाकरी करू लागली. मी चाकरीच म्हणतो. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, पश्चिमेकडून वारा सुटला की माडाच्या झापाचा आडोसा करायचा. खालचं गोल पान वाळून तपकिरी झालं तेव्हा शेजारच्या मथुराने मेलं समजून ओरबाडायला हात घातला, तर सुभद्रेने तिचा हात असा धरला की काकणं वाढली. ते वाळकं पानच झाडाची मूठ असते, हे तिला बघून बघून कळलं होतं. हौशी लोक कोंब मागून नेत. एकाने तुळशीजवळ मातीत लावला, तो कुसला. दुसऱ्याने समुद्राकडच्या माडाला बांधला, तो आठवड्यात करपला. लोकांनी हात टेकले. गुरुदासने सांगितलेलं सगळं सुभद्रेच्या पोटातच राहिलं. तिला कुणी विचारलं नाही, आणि सून माणूस, आपणहून सांगणार कुणाला?

जाऊ जानकी मात्र बोलून दाखवायची. "बांडगूळ आसा ता. फणसाक खाता आणि आमकाय." तिचंही अगदीच चूक नव्हतं. घरात धड सुतक नाही, धड शुभकार्य नाही. तिची मुलगी लग्नाची झाली होती. पासष्ट साली बारा वर्षं भरली आणि भटजींनी सांगितलं, आता पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्या, जीव अडकून राहिलाय. दाजींनी मागल्या दाराकडे बोट दाखवलं. भटजी चहा पिऊन गेले.

त्याच उन्हाळ्यात सुभद्रेची आई आजारी पडली. सुभद्रा महिनाभर आचऱ्याला माहेरी राहिली. जाताना दाजींना म्हणाली, "मामांनू, झाडाक पाणी तेवडा शिंपडा." दाजींनी तिच्याहून जास्त केलं.

ती परत आली तेव्हा शिंगं खाली लोंबत होती, उकडलेल्या भाजीसारखी. तिने वाळक्या पानामागे हात घातला. बोटांना रेती लागली. तिने बोट जिभेला लावलं. खारट.

जानकी राख टाकायला आली होती. "माडांक भुंगो लागलो," ती म्हणाली. "दोन माड गेले. दाजींनी सगळ्या माडांच्या शेंड्यात मीठ नि रेती भरून घेतल्यानी. उरला ता हंय घातल्यानी, आपल्या हातान. गुरुच्या झाडाक भुंगो लागाक नको म्हणान." सुभद्रेचं तोंड बघून ती दचकली. "काय गो? त्या मिठान गेला?" आणि मग तिने, त्या फटकळ बाईने, पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "तुझा कुकू आसा. सांगतलस तर सांग. पण म्हातारो मरात."

दाजी ओसरीवर खांबाला टेकून बसले होते. झाडाने मान टाकल्यापासूनच्या दहा दिवसांत म्हाताऱ्याचा पार सांगाडा झाला होता. पुतळ्यासाठी भटजींना निरोप गेला होता. सुभद्रा समोर येऊन उभी राहिली. बारा वर्षं जपलेलं सगळं तिच्या ओठांवर होतं. मिठाने मेलं, एवढंच म्हणायचं होतं. झाड मेलं म्हणजे माणूस मेला असं नव्हे, एवढंच. पुतळा थांबला असता, कुंकू राहिलं असतं.

दाजींनीच विचारलं. "बारा वर्सां तू राखलंस, तुझ्या हातान पान गळाक नाय. महिनाभर माझ्याकडे दिलंस नि गेला. माझा काय चुकला गो? खरा सांग."

विचारू नये असा प्रश्न माणसं नेमका विचारतात, याचा मला अजून राग येतो.

"तुमचा कायएक चुकाक नाय, मामांनू," सुभद्रा म्हणाली. "त्येची येळ इली."

दाजी हुंदके देऊन रडले. बारा वर्षांचं रडले. रडून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं असावं, कारण त्या दिवशी ते पोटभर जेवले.

चौथ्या दिवशी किनाऱ्यावर पळसाच्या पानांचा पुतळा जळला. बायका काकणं फोडायला आल्या तेव्हा सुभद्रेने हात आपणहून पुढे केले.

पुढच्या वैशाखात जानकीच्या मुलीचं लग्न निघालं. या पोरीला सुभद्रेने खांद्यावर खेळवलं होतं. हळदीच्या दिवशी सुभद्रा हळदीची वाटी घेऊन माजघराच्या दारापर्यंत आली, सवाष्णीच्या सवयीने. दाजींनी तिला पाहिलं. ते काठी टेकत जवळ आले, तिच्या हातातली वाटी हळूच काढून घेतली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा मायेच्या आवाजात म्हणाले, "सुभद्रा, तू भायर येव नको हां बाय. आज शुभ दिवस आसा."

"व्हय, मामांनू," ती म्हणाली, आणि आत गेली.