गेटवरच्या कॅमेऱ्यासाठी गाऱ्हाणं

आज खूप थकलेय, पण हे कुणाला तरी सांगायलाच हवं.

मी जयगड रस्त्यावरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बिलिंग बघते. गेटवर आमचे तात्या असतात. येणाऱ्या ट्रकचा नंबर टिपायचा, पास द्यायचा, दांडा वर करायचा, हे त्यांचं काम. आजपासून ते सगळं एआयचा कॅमेरा करणार. तात्यांना महिनाअखेरपर्यंतच यायला सांगितलंय.

पण आमच्याकडे नवीन ट्रक येवो की नवीन प्रिंटर, नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं तात्याच घालतात. शेठ आजही सवयीने म्हणाले, "तात्या, घाला गाऱ्हाणं."

तात्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज ह्यो कॅमेरा बसवलाय, त्याला यश दे. त्याच्या कामात काय इडापिडा आली तर ती दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो.

"आनि हितं राबणाऱ्यांच्या पोटाला कधी कमी पडू देऊ नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज शेठचा होता.

दुपारी तात्यांच्या खुर्चीवर कॅमेऱ्याची बॅटरी ठेवलेली दिसली. तात्या बाजूला उभे होते. मला म्हणाले, "बाय, गाऱ्हाण्यात काय ऱ्हायलं नाय ना?"

"नाही तात्या, छान झालं," म्हटलं आणि आत आले.

तुमच्या ऑफिसात असं यंत्र आलं, तेव्हा तुम्हीही 'होय म्हाराजा'च म्हणालात ना?