कुजबुजीची शाळा

आमच्या घरातल्या शाळेची घंटा म्हणजे पितळेची ताटली आणि पोळ्यांचं लाटणं. पहिल्याच दिवशी बरोबर नऊच्या ठोक्याला मी ती दणादण वाजवली, आणि आतल्या खोलीतून हे लुंगी सावरत धावत बाहेर आले. "कुठे लागली? कुठे लागली?" कारखान्यात घंटा वाजली की आग, एवढंच त्यांच्या डोक्यात. तारापूरची रात्रपाळी संपवून त्यांना झोपून तासही झाला नव्हता. आग नाही, शाळा भरली आहे, असं मी ठसक्यात सांगितलं. त्यांनी माझ्या हातातली ताटली काढून घेतली, माझा हात पोचणार नाही अशी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आणि परत जाऊन झोपले.

ही गोष्ट ऐंशीच्या आसपासची. बोईसरला स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर आमच्या दोन खोल्या होत्या. दोन्हींच्या मधे दार नव्हतं, जुन्या साडीचा पडदा होता. मुलगी आठ वर्षांची, एकुलती एक. ती बोलताना अडखळायची. एखादं अक्षर घशात अडकलं की मान वर करून, डोळे मिटून त्याच्याशी झटापट करायची. आणि मी पहिल्यापासूनची उतावळी, तिचा शब्द पुरा करून टाकायची. "पाणी ना? घे." "पुस्तक ना? ते काय तिथे." मला वाटायचं, मी मदत करते आहे.

शाळेत तेवढंही कोण करणार? वर्गात साठ मुलं, धडा एकेकाने उभं राहून वाचायचा. तिची पाळी आली की मागच्या बाकांवरून "खरखर रेडिओ, खरखर रेडिओ" सुरू व्हायचं. बाई तरी किती जणांच्या तोंडावर हात ठेवणार! तिसरी कशीबशी संपली. चौथीच्या पहिल्याच महिन्यात ती एक दिवस मधल्या सुट्टीत एकटी चालत घरी आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, मी शाळेत जाणार नाही. एवढं वाक्य म्हणायला तिला किती वेळ लागला ते मी सांगत नाही. मी मात्र क्षणाचाही वेळ न लावता तिच्या थोबाडीत दिली. ती रडली, आणि रडतानाही अडखळली. त्या दुपारी मला माझीच इतकी शरम वाटली की वाढलेलं ताट मी तसंच झाकून ठेवलं.

मार्ग ह्यांनी काढला. वर्षभर घरी शिकवायचं आणि पाचवीला पालघरच्या शाळेत घालायचं, तिथे तिला कोणी ओळखत नाही. अडचण एकच होती. चौथीचा दाखला नसलेल्या मुलांना तिथले हेडमास्तर स्वतः समोर बसवून वाचायला लावत. वाचलं तर प्रवेश. नाही वाचलं तर पोरगी कायमची घरी बसणार, हे आम्हा दोघांना न बोलता कळत होतं. नातेवाईक तर आधीपासूनच म्हणत होते, मुलीची जात, लिहितावाचता येतंय ना, झालं.

म्हणून मी शाळा काढली. अगदी खरी! तांदळाच्या डब्यावर वेळापत्रक चिकटवलं. प्रार्थना, हजेरी, गणित, मराठी, मधली सुट्टी. हजेरीपटावर एकच नाव. ते मी पुकारायचं आणि तिने "हजर" म्हणायचं. ज्या अक्षरापाशी तिचा श्वास अडायचा, त्यानेच मी रोज तिच्या दिवसाची सुरुवात करत होते. आता आठवलं तरी कपाळावर हात मारून घेते. शहाणपणाचा सगळा मक्ता तेव्हा माझ्याकडेच होता.

शिवाय ह्यांची पाळी दर आठवड्याला बदलायची. पहिली पाळी असली की हे साडेतीनला घरी, दुसरी असली की सकाळभर घरात, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसभर पडद्यामागे झोपलेले. माझं वेळापत्रक एकाही आठवड्यात धड चाललं नाही. कधी गणिताच्या तासाला ह्यांचा डबा, कधी मराठीच्या तासाला ह्यांची आंघोळ. मी चिडायची, पोरगी आणखी गप्प व्हायची. दोन महिन्यांत ती माझ्याशी खुणांनी बोलायला लागली. पाणी हवं असलं तरी बोट दाखवायची. तेव्हा मात्र मी घाबरले. शाळेने निदान तिला घरी तरी बोलू दिलं होतं.

पुन्हा रात्रपाळीचा आठवडा आला. जवळच्या, समुद्राकाठच्या नवापूरची एक मावशी दर बुधवारी डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन आमच्या आळीत यायची. तिने लांबून "बोंबीलऽऽ" म्हटलं की आमच्या फळीवरची भांडी थरथरायची. त्या दिवशी मी धावत बाहेर गेले, ओठांवर बोट ठेवलं आणि पडद्याकडे हात केला. मावशी समजली. पायरीवर टेकली, पाटी उतरवली आणि आवाज एकदम खाली आणला.

"काय गो, काय खाशील?" तिने मुलीला कुजबुजत विचारलं.

मुलगी तिच्या कानाशी वाकली आणि तशीच कुजबुजत म्हणाली, बोंबील नकोत, मागच्या वेळचे फार खारट होते, जवळा द्या, आई त्यात भरपूर कांदा घालते तेव्हा मला आवडतो.

मी बोंबील निवडत होते. माझ्या काही लक्षात आलं नाही. मावशीने माझ्या गुडघ्याला हात लावला.

"बाय, तुजी पोर आज अडकली नाय."

"काय?"

"येवडा बोलली. येकदा पन नाय अडकली."

मी बोंबील पाटीत टाकले, आत जाऊन पुस्तक आणलं आणि मुलीच्या हातात दिलं. वाच मावशीला, हळूच वाच. ती वाचायला लागली. अख्खा परिच्छेद तिने कुजबुजत वाचला. एका शब्दाशी थोडी थबकली, तर सवयीने मी तो शब्द म्हणायला तोंड उघडलं. मावशीने माझं मनगट धरलं.

"तू नको बोलू. तिचा शब्द हाय तो. आमी होडी काडायला भरतीची वाट बगतो का नाय? तशी थांब."

मी थांबले. शब्द आला. मावशीच्या हाताचा वास माझ्या मनगटाला दिवसभर येत होता, आणि मी तो धुतला नाही.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रक चुलीत गेलं. आमचं घर पाळ्यांवर चालायचं, मग शाळाही पाळ्यांवरच चालेल, असं मी ठरवलं. रात्रपाळीच्या आठवड्यात फक्त वाचन, तेही कुजबुजत, पडद्याच्या अलीकडे दोघींनी गुडघ्याला गुडघा लावून. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी हे गणित घ्यायचे. हे फिटर होते, त्यांच्या पोलादी पट्टीने बापलेकीने घरातली एकूण एक वस्तू मोजली, माझं लाटणंसुद्धा. पहिल्या पाळीला दुपारनंतर सायकलवर मागे बसवून तिला नवापूरच्या किनाऱ्यावर न्यायचे आणि वाळूत नकाशे काढायला लावायचे. हजेरीपटाच्या उरलेल्या पानांवर तिने होड्या काढल्या. ती खुणांनी बोलायची थांबली. मोठ्याने बोलताना अडखळायचीच, पण बोलायची. मला रात्री झोप लागू लागली.

एकदा ती अशीच हळू आवाजात धडा वाचत होती, मी मटार सोलत होते. पडद्यामागून आवाज आला, "एक ओळ सुटली."

आम्ही दोघी दचकलो. मी पडदा सरकवला, तर हे डोळे मिटून आडवे.

"अहो, जागे आहात?"

"रोजच असतो."

मी संतापले. इथे आम्ही जीव मुठीत धरून कुजबुजतो आणि हे मजेत ऐकत पडलेत! झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार? रात्री मशिनवर डुलकी लागली म्हणजे?

"अगं, ती वाचते तोवरच जागा असतो," हे डोळे न उघडता म्हणाले. "तिचा धडा संपला की छान झोप लागते." मी पडदा परत ओढून घेतला.

वर्ष सरल्यावर पालघरला मी तिला एसटीने घेऊन गेले. हेडमास्तर वयस्कर, जाड भिंगांचा चष्मा लावलेले. डोक्यावर पंखा घरघरत होता. त्यांनी पुस्तक उघडून दिलं. पहिल्याच अक्षराशी ती अडकली. मान वर गेली, डोळे मिटले. तो शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होता. मी पदराचं टोक दातात धरलं.

ती खुर्चीवरून उठली, टेबलाला वळसा घालून हेडमास्तरांच्या कानाशी गेली आणि कुजबुजत वाचायला लागली.

"मोठ्याने," ते म्हणाले. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, उठून पंखा बंद केला, परत बसले आणि कान पुढे केला. तिने पान संपवलं. ते थांब म्हणाले नाहीत, म्हणून पुढचं पानही वाचलं.

"तू नेहमी असंच वाचतेस का, बाळ?"

"हो," ती कुजबुजली. "बाबा झोपलेले असतात ना."

हेडमास्तर मोठ्याने हसले. "पहिल्या बाकावर बसवू हिला. मास्तरांना दोन पावलं पुढे यायला काय होतंय?" असं म्हणत त्यांनी अर्जावर सही केली. बाहेर आल्यावर व्हरांड्याच्या खांबाला टेकून मी रडून घेतलं. वर्षभर छातीवर ठेवलेलं ओझं उतरलं होतं, आणि मुलगी माझा पदर ओढून म्हणत होती, आई, लोक बघतायत.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती, आणि आठवडा रात्रपाळीचा. मी सवयीने चपला हातात घेऊन आत शिरले. मुलगी मात्र तडक पडद्याशी गेली, तो सरकवला आणि, घरात रात्रपाळी असताना पहिल्यांदाच, पूर्ण आवाजात बोलली.

"बा... बा... बाबा, म... म... मी प... प..."

हे जागे होते. मी दारातून पाहत होते, त्यांच्या पापण्या हलत होत्या, ओठ कधीच हसायला लागले होते. तिला "पास झाले" म्हणायला बराच वेळ लागला. तिचं वाक्य पुरं होईपर्यंत ह्यांनी डोळे उघडले नाहीत.