आमची तांबडी शेजारी झोपायला जाते

पंधरा दिवसांपूर्वी, रविवारी सकाळी, मी मेजर टेप घेऊन शेजारच्या अंगणात उकिडवा बसलो होतो... अंघोळ नाही, जप नाही. पारूताईंच्या खुराड्याची उंची मोजत होतो.

सांगायला लाज वाटते, पण मी जळत होतो. आणि तेही कोंबड्यांवरून.

आम्ही मूळचे सांगोल्याकडचे. कंपनीतल्या नोकरीसाठी बोईसरला आलो आणि पुढे बेटेगावात घर बांधलं. दिवाळीनंतर पाच गावठी कोंबड्या आणल्या. मी स्वतः अंडं खात नाही, ही आणि मुलगी खातात. मला त्यांची सोबत आवडते... त्यातही तांबडीची. सकाळी मी ओट्याच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात पाट टाकून जपाला बसलो, की ती पायरीवर येऊन बसायची. माळ संपेपर्यंत हलायची नाही.

खुराडाही बघण्यासारखा करून घेतला. लोखंडी अँगल, जाळी, वर पत्रा, हिरवा ऑइलपेंट. जागेचा मात्र फार विचार केला नाही. गावी वडिलांचा खुराडा घरामागे होता, मावळतीकडे तोंड करून... तसाच इथे ठेवला. शिवाय तुळशीपासून लांब, म्हणजे सोवळ्याचाही प्रश्न नको.

आषाढ लागला आणि एका संध्याकाळी काळी घरी आलीच नाही. कुंपणातल्या फटीतून पारूताईंकडे गेली. पारूताई साठीच्या, इथल्याच, भातशेती करणाऱ्या. कुंपणापलीकडून म्हणाल्या, "भाऊ, तुमची लेक आमच्याकडं नांदायला आली. आंदण कदी पाठवता?"

मी हसलो. मग दुसरी गेली, तिसरी गेली, चौथी गेली... आता हसू येईना. शनिवारी संध्याकाळी तांबडी कुंपणाशी थांबली, मान वाकडी करून एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तीही गेली.

मला जेवण गेलं नाही. हिला म्हणालो, "ती बाई सुकटीचा चुरा घालते, म्हणून जातात."

"अहो, चुरा त्या दिवसा घालतात. झोपायला जाऊन काय खातात कोंबड्या?"

राग आणखीच वाढला. कुंपणातली फट बुजवायला जाळीचा तुकडाही आणून ठेवला. आणि सकाळी उठून टेप घेऊन गेलो... त्या बाईच्या खुराड्यात असं आहे तरी काय, ते बघायला.

काही नव्हतं. जुनी फळकुटं, मोडकी क्रेट आणि वर कुठल्याशा बिल्डिंगच्या जाहिरातीचं फाटकं फ्लेक्स. स्विमिंग पूलच्या चित्राखाली माझ्या पाचही कोंबड्या शांत बसल्या होत्या. त्या फाटक्या फ्लेक्सचासुद्धा मला हेवा वाटला.

"माप कसलं घेता, भाऊ? कोंबड्यांना शर्ट शिवायचाय?"

पारूताई मागे उभ्या होत्या, हातात कोंड्याचं भांडं. मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी फार ताणलं नाही.

"तुमचा खुराडा लय भारी हाय. आमच्या सुनेनं फोटो काढलाय त्याचा. पन आत कदी हात घालून बघितलाय काय?"

नव्हता घातला. बाहेरून पाणी मारायचो, पत्रा पुसायचो, दाराला कडी लावायचो. त्यांच्याबरोबर जाऊन हात घातला... बसायची फळी ओलीचिंब. खालच्या तुसाचा चिखल झालेला.

"दर्याकडनं झड येते ती सरळ आत घुसते," त्या म्हणाल्या. "तुमच्या गावाला पाऊस नाय, तिकडं चालत असल. इकडं नाय चालायचं."

म्हणजे कोंबड्या रात्र रात्र भिजत होत्या, आणि मी रंगाचं कौतुक करत होतो.

"मग ठेवू कुठे?" मी विचारलं. त्यांनी घराभोवती एक फेरी मारली आणि माझ्या जपाच्या कोपऱ्याशी थांबल्या.

"इथं. इथं कोरडं हाय. म्हणून तर तुमी इथं बसता."

"ताई, बाजूला तुळस आहे."

"मग? तुळस काय बोलली काय तुमाला?"

तीन दिवस माझं मन तयार होईना. घाण होईल, वास येईल, देवाला चालेल का... रोज त्या कोपऱ्यात बसून मी देवाला म्हणतो, तुझ्या आसऱ्याला ठेव. चौथ्या दिवशी ते म्हणताना जीभ अडखळली.

त्याच संध्याकाळी कामावरून आल्यावर मी आणि हिने पाईपांवरून सरकवत खुराडा पुढे आणला. पारूताईंनी पाचही कोंबड्या टोपलीत घालून आणून दिल्या. "तीन दिस कोंडून ठेवा, मंग सोडा," म्हणाल्या. सोडल्या त्या संध्याकाळी मी पायरीवर बसून राहिलो. चार जणी आपणहून आत शिरल्या. तांबडी फटीतून पलीकडे गेली.

ती अजून तिकडेच नांदते. सकाळी येते, दाणे खाते, दिवस मावळला की जाते. पारूताई म्हणतात, "येल, जरा दम धरा." जळतं अजून... खोटं कशाला बोलू. पण फट बुजवली नाही. जाळीचा तुकडा माळ्यावर टाकून दिला.

माझा पाट आता घरामागे, जिथे खुराडा होता तिथे आहे. आज सकाळी दुसऱ्या माळेलाच झड आली. पाठ भिजली, माळ भिजली. तेव्हा कळलं, त्या कशा बसत असतील... पुढून चौघींची कुरकुर ऐकू येत होती.

पाट हलवला नाही. जप पूर्ण करूनच उठलो.