सोळा किलोचं पोट्टं

बैहरहून बालाघाटला येताना बसमध्ये शेजारच्या माणसाने खर्रा थुंकायला माझी खिडकी मागितली. मी दिली नाही. तोंड भरलेल्या माणसाला नाव विचारण्यातही अर्थ नव्हता.

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका. लॅपटॉपवर कुपोषित मुलांची यादी करत होते. दुपारी ती जिल्हा रुग्णालयात गेली की त्यातली मुले तिथे भरती होणार होती. नावा-वयांचा तक्ता मी वर्णक्रमाने लावला आणि वजनांचा होता तसाच त्याला चिकटवला.

“ताई, सहा महिन्यांचं पोट्टं सोळा किलोचं?” खर्रा गालात सारून शेजारच्याने माझ्या स्क्रीनवर बोट ठेवले.

“मशीनने जोडलंय.”

“मशीन फक्त ओळी मोजते. कोनाचं वजन कोनाले लागलं, तिले काय घेनं?”

त्याने पिशवीतून आपला लॅपटॉप काढला, माझे तक्ते पेनड्राइव्हने त्यात घेतले, बोट गुडघ्याला पुसले आणि मुंग्यांसारख्या चिन्हांच्या प्रोग्रामची एकच ओळ लिहिली.

“हे उजवीकडून वाचा. आधी दोन्ही तक्ते कार्ड नंबराने लावायचे, मंग जोडायचे. दोन कामं एकातच ओवली.”

सोळा किलो त्या बाळाच्या मोठ्या भावाकडे गेले. माझ्या यादीत ठणठणीत असलेली एक मुलगी कुपोषितांत सगळ्यात वर आली.

“हे पोट्टी होईल न भरती?”

“हौ,” मी म्हणाले आणि उठून त्याला खिडकी दिली.