भुतांच्या जागा ठरवणारी नेडीन

आमच्या टॅनरी स्ट्रीटवरची हॅलोवीनची पार्टी कशी करायची, हे ठरवायला तिघांची कमिटी होती. नेडीन हुडाक, लोवेल टीग आणि मी. म्हणजे ठरवायची नेडीन, विरोध करायचा लोवेल, आणि कॉफी करायचे मी.

नेडीनने उभी हयात शाळेची बस चालवली. नोकरी सुटली, पण आवाज काही सुटला नाही. रस्त्याच्या त्या टोकाला कुणी कचऱ्याचा डबा आडवा ठेवला, की ही या टोकाच्या ओसरीतून ओरडायची, "ए, वाटेतला डबा उचल!" माणूस यायच्या आत डबाच घाबरून बाजूला होतो, असं लोवेल म्हणायचा. हा लोवेल निवृत्त पोस्टमन. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या या डोंगराळ गावातली एकेक पायरी त्याने पायाखाली घातलेली. नेडीनचा कुत्रा त्याला एकदा चावला होता. चूक कुत्र्याची की पोस्टमनची, यावर दोघांचा वाद पेटला. पुढे कुत्रा मेला, वाद मात्र धडधाकट राहिला.

सप्टेंबर लागला की आम्ही नेडीनच्या स्वयंपाकघरात बसायचो. टेबलावर ती आख्खी आळी मांडायची. साखरेचा डबा म्हणजे चिलीचं, राजमा-खिम्याच्या तिखट रश्शाचं, भांडं ठेवायची जागा, मिठाची बाटली म्हणजे चेटकीण, मिरपुडीची म्हणजे बुजगावणं.

"चेटकीण इथे, दिव्याच्या खांबाखाली. सांगाडा बेंडरांच्या कुंपणाला टेकून. त्यापुढे एक पाऊल नाही."

"अगं, ते भूत आहे की बस-स्टॉप?" लोवेल म्हणायचा. "ठरल्या जागी भेटणाऱ्या भुताला कोण भिणार?"

"भुताने जागा सोडायची नाही. सोडायचीच असेल, तर आधी खोकायचं."

हा खोकल्याचा नियम तिचा फार जुना. मुखवटा घातलेल्या कुणीही कुणाच्या जवळ जाताना आधी खोकायचं. आमच्या मुलांना तो इतका अंगवळणी पडला होता, की सगळीकडची भुतं खोकतातच, असं त्यांना वाटायचं. बाहेरगावचे पाहुणे मात्र विचारायचे, "तुमच्याकडे भुतांना औषधपाणी देत नाहीत का?" आम्ही हसायचो. जन्मभर बस चालवलेली बाई, वळायच्या आधी इशारा मागणारच, असं आम्ही धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी पार्टीला आठवडा राहिला असताना नेडीनने ओसरीच्या पायऱ्यांवर भोपळे रांगेत मांडले. मुद्दाम कडेला मांडले, कुणी अडखळू नये म्हणून. आणि त्यातल्याच एकाला स्वतः अडखळून पडली. घोट्याचं हाड मोडलं, पाय प्लॅस्टरमध्ये गेला.

लोवेलला वाईट वाटलं, यात शंका नाही. पण त्या वाईट वाटण्यात त्याने वेळ फार घालवला नाही. दुसऱ्याच दिवशी तो टोपी हातात धरून तिच्या दिवाणखान्यात उभा राहिला.

"नेडीन, यंदा तू खुर्चीत बसायचंस. सगळं मी बघतो."

"बघ की. चेटकीण कुठे ठेवणार आहेस?"

"ते तुला कळेलच."

"बुजगावणं?"

"पाहुणीला कुणी आधी सगळं सांगतं का? यंदा तू पाहुणी."

नेडीनचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, सत्ता गेल्याचं दुःख आहे.

पुढचे काही दिवस तिने जे केलं, ते एखाद्या मुत्सद्द्यालाही जमलं नसतं. मी सूप घेऊन गेले की अक्रोडाच्या रोलचा जाड तुकडा माझ्यापुढे यायचा. "रोझॅन, तू खा गं. अशक्त दिसतेस. बरं, बुजगावणं कुठे आहे म्हणालीस?" मला खरंच काही माहीत नव्हतं. लोवेलने मलाही चिलीच्या भांड्यापुरतंच ठेवलं होतं. पण न सांगता येणाऱ्या गुपितावर मी बराच अक्रोड रोल खाल्ला, हे कबूल करते.

शेवटी तिने लोवेललाच बोलावून घेतलं. तो तिथून थेट माझ्याकडे आला आणि पायरीवर मटकन बसला.

"रोझॅन, हिचं दुखणं पायाचंच आहे ना गं? डोक्याला काही लागलंय का?"

"का रे?"

"म्हणाली, चूक कुत्र्याची होती."

मीही त्याच्या शेजारी बसले. एमिल, तिचा नवरा, तो गेला त्या वर्षीसुद्धा तिने ही गोष्ट मान्य केली नव्हती.

"मग सांगितलंस तिला?"

"छे! आता तर मुळीच नाही. इतकी उत्सुकता लागलीय, तर मजा येऊ दे की."

गावाने ठरवलेला दिवस गुरुवारचा. थंडी अशी पडली होती, की राजकन्या काय नि चाचे काय, सगळे आईने बळजबरीने चढवलेल्या जाड कोटांत गुदमरून गेले होते. रस्ता दोन्हीकडून अडवला होता. उजेड सरत होता आणि भोपळ्यांतले दिवे आता कुठे लागत होते. नेडीनला आम्ही बागेतल्या खुर्चीत चिलीच्या भांड्याजवळ बसवलं, प्लॅस्टरचा पाय दुधाच्या क्रेटवर ठेवला, हातात पळी दिली. तिच्या शेजारी गवताच्या पेंढ्या रचलेल्या, आणि त्यांवर मान टाकून बसलेलं बुजगावणं.

तिने त्याच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. मग पळीचा दांडा त्याच्या पोटात खुपसला. बुजगावणं हललं नाही.

"पेंढाच आहे," ती मला म्हणाली, आणि पहिल्यांदा खुर्चीला नीट पाठ टेकली.

मुलांची मिरवणूक वळणावर आली. नेडीन वाट्या भरायला वाकली. तेवढ्यात ते बुजगावणं तिच्या कानाशी झुकलं आणि अगदी अदबीने म्हणालं, "मलाही वाढ ना थोडी. वर चीज घाल."

तिच्या तोंडून जी किंकाळी निघाली, ती डोंगरापलीकडच्या गावातही कुणी विसरलं नसेल. पळी उडाली. चिली बुजगावण्याच्या छातीवर पसरली. मिरवणुकीतली चिमुकली चेटकीण आपला झाडू टाकून आईच्या कोटात शिरली. मग क्षणभराने मुलांनी टाळ्या पिटल्या. इतकं झकास काही टॅनरी स्ट्रीटवर आजवर झालंच नव्हतं.

लोवेल तोंडावरचं गोणपाट वर करून खो खो हसत होता. मग त्याचं लक्ष नेडीनकडे गेलं. ती दोन्ही हातांनी तोंड झाकून थरथरत होती. पाचावर धारण बसणं म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. लोवेलने गोणपाट ओढून दूर फेकलं आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला.

"नेडीन, मी आहे गं. हे बघ, लोवेल."

बोटांच्या फटीतून तिने पाहिलं. "मेल्या, खोकला का नाहीस?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत जे ध्यानात आलं नव्हतं, ते एकदम आलं.

"तुला भीती वाटते?" लोवेल म्हणाला. "मुखवट्यांची?"

"हळू बोल."

हळू बोल, असं नेडीन हुडाक म्हणाली! मी तिला सफरचंदाचं गरम सायडर दिलं. पेल्याची ऊब हातांना लागली तशी ती बोलती झाली.

लग्न होऊन ती इथे आली, तेव्हा एमिलची कारखान्यात संध्याकाळची पाळी असायची. पहिल्याच हॅलोवीनला दारावर थापा पडल्या. तिने पडदा सारला, तर काचेला चिकटून एक कवटी. तिने घरातले सगळे दिवे मालवले आणि एमिल येईपर्यंत न्हाणीघरात, कोरड्या टबात, पडदा ओढून बसून राहिली. सकाळी म्हाताऱ्या बेंडरबाईंनी विचारलं, मुलं खाऊ मागायला दोनदा येऊन गेली, तू होतीस कुठे? ही म्हणाली, मावशीकडे.

"आणि पुढच्या महिन्यात बसची नोकरी लागली," नेडीन म्हणाली. "तीच कार्टी माझ्या मागे बसलेली. त्यांना एका शब्दात गप्प करणारी मी, आणि त्यांनाच भिऊन टबात बसायचं? मग दुसऱ्या वर्षी घरोघर जाऊन सांगितलं, यंदा सगळ्यांनी मिळून रस्त्यावर करू या. कोण कुठे उभं राहणार, ते मी सांगेन."

"आणि खोकला?" मी विचारलं.

"तो एमिलचा. त्या वर्षी तो पिशाच्च झाला होता. माझ्याकडे येताना कोपऱ्यापासून खोकत आला. मला कळावं म्हणून."

लोवेल शर्टावरचा राजमा एकेक करून वेचत राहिला. मग म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर?"

"तुला? तू आख्ख्या गावाला वाटलं असतंस. पत्रांसारखं, घरोघर."

तिने सायडर संपवलं. मी म्हटलं, घरी नेते. तर माझ्यावरच खेकसली, "घरी काय? चिलीकडे कोण बघणार? पळी शोध माझी!"

रांगेत पहिला होता डेल, आमच्या अग्निशमन दलातला. दारात मावणार नाही असा गडी. त्याने सगळं ऐकलं होतं. वाटी पुढे करत तो खाली बघून पुटपुटला, "नेडीन, मी तळघरात गेलो ना, की वर येताना पळतच येतो."

"अजून?"

"काल आलो."

नेडीन इतकी हसली की क्रेटवरचा पाय खाली आला. त्या संध्याकाळी चिलीबरोबर आळीतल्या बऱ्याच जणांची भीती बाहेर पडली. कुणाला वटवाघळं, कुणाला आरसे, एका बाईंना तर सासरे. नेडीन प्रत्येकाचं ऐकून घेत होती आणि जास्त भित्र्याला चीज जास्त घालत होती.

प्लॅस्टर निघालं. यंदाच्या सप्टेंबरात तिच्या टेबलाशी आम्ही चौघं बसलो. भित्र्यांचाही एक माणूस कमिटीवर हवा, म्हणून नेडीननेच डेलला आणलं होतं. कॉफीचा पहिला घोट घेऊन त्याने सूचना मांडली, की यंदा प्रत्येक ओसरीवर मोठा दिवा असावा.

"आणि दोन घरांच्या मध्येही एकेक," नेडीन म्हणाली.

लोवेलने कपाळाला हात लावला. "अरे, मग भर दिवसाच करा ना हॅलोवीन!"

नेडीन आणि डेल एकमेकांकडे बघायला लागले.

"दुपारी जेवणं झाल्यावर," नेडीनने हळूच विचारलं, "जमेल का रे सगळ्यांना?"